ओळखीचा निवाडा

'काय, ओळखलंत का?' हा आपल्या समाजातील सर्वांत निरुपद्रवी दिसणारा आणि वस्तुतः फार अवघड असा प्रश्न आहे. विचारणारा हसत असतो, ज्याला विचारला जातो तोही हसत असतो. आणि त्या दोन हास्यांच्या मध्ये एक लहानसे न्यायालय भरलेले असते. समोर एक चेहरा उभा असतो, स्मृती साक्ष देत असते, आणि त्या साक्षीवर कितपत भरवसा ठेवावा याचा निकाल अर्ध्या पळात द्यावयाचा असतो. ज्याची स्मरणशक्ती चांगली तो ओळखतो आणि जिची वाईट ती ओळखत नाही, अशी आपली भोळी समजूत आहे. परंतु साक्ष देणे हे एक काम आणि निकाल देणे हे दुसरे. दोन्ही कामे एकच मन करीत असले तरी ती वेगळी आहेत. आणि या दुसऱ्या कामात माणसाचे वय, त्याचे शिक्षण, त्याचे स्त्री किंवा पुरुष असणे आणि समाजातील त्याचे स्थान ही सर्व मंडळी न बोलावता येऊन बसतात. त्यांच्याविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

माझ्या आत्याचे घर भुशीच्या बाजूस असल्यामुळे लोणावळ्याचा पावसाळा मला लहानपणापासून परिचयाचा आहे. इंद्रायणीचे पाणी अडवून आगगाडीच्या कंपनीने वाफेच्या एंजिनांसाठी बांधलेले भुशीचे धरण आता एंजिनांची तहान विसरले आहे. आषाढात ते भरून वाहू लागले की पायऱ्यांवरून पाणी उतरते आणि पुण्या-मुंबईचे लोक त्या पाण्यात बसावयास येतात. अध्यापकाने अशा ठिकाणी जाऊ नये. वर्गात दोन वर्षे ज्यांचे चेहरे पाहिले ते विद्यार्थी येथे भिजलेल्या केसांनी, चष्म्यावाचून, आपल्या बायका-मुलांसह समोर येतात आणि विचारतात, 'सर, ओळखलंत का?' 'नाही' म्हटले तर तो बिचारा हिरमुसतो. 'हो' म्हटले तर फार तर नाव विचारण्याची एखादी आडवाट शोधावी लागते. या व्यापारात 'हो' स्वस्त आहे आणि 'नाही' महाग. म्हणून अध्यापक लवकर ओळखतात! बँकेतील रोखपालाची गोष्ट उलटी. तोच चेहरा त्याच्या खिडकीपाशी येऊन 'मला ओळखता ना?' म्हणाला, तर तो सही पडताळल्यावाचून बोलत नाही. त्याच्या व्यापारात चुकीच्या 'हो'ची किंमत पगारातून फेडावी लागते. दोघांच्या स्मरणशक्तीत फरक आहे असे कोणी म्हणणार नाही. फरक आहे तो, किती पुरावा झाला म्हणजे पुरे समजावे, या मापात.

हे माप मानसशास्त्रात आले ते युद्धाच्या वाटेने. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या सैनिकाला एखादा अंधूक ठिपका दिसे. ते शत्रूचे विमान असेल किंवा नुसता पक्ष्यांचा थवा. खरे विमान सोडून देणे ही एक चूक आणि थव्यासाठी भोंगा वाजविणे ही दुसरी. एक चूक टाळण्याचा जितका निश्चय करावा तितकी दुसरी वाढते. या अनुभवातून पुढे जे गणित उभे राहिले, त्याचे सविस्तर शास्त्र डेव्हिड ग्रीन व जॉन स्वेट्स यांनी १९६६ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्या गणिताने दोन गोष्टी अलग मोजता येऊ लागल्या: जुने आणि नवे यांतील भेद कळण्याची शक्ती ही एक, आणि 'जुने आहे' असे म्हणण्यासाठी मनाने आखून घेतलेली रेषा ही दुसरी. ज्याची रेषा सैल, तो खरे परिचित पुष्कळ ओळखतो आणि परक्यांनाही पुष्कळदा परिचित म्हणतो. ज्याची रेषा कडक, तो परक्याला फसत नाही. पण आपल्या माणसालाही दारात उभे करतो.

हे तत्त्व आपल्या वाङ्मयाला अपरिचित नाही. कालिदासाने आपल्या नाटकाच्या नावातच 'अभिज्ञान' हा शब्द घातला आहे. भर दरबारात शकुंतला समोर उभी असता दुष्यंत ज्या पेचात सापडतो, तो याच दोन चुकांचा पेच आहे. खरोखर आपली असलेली पत्नी टाकली तर एक पाप आणि परक्याची पत्नी स्वीकारली तर दुसरे. राजा म्हणून त्याची रेषा कडक राहते आणि तो 'नाही' म्हणतो. शापाने स्मृती गेली होती हे खरे. परंतु आश्रमातील एखाद्या साध्या मुलाला हाच प्रश्न विचारला असता, तर त्याने स्मृती नसतानाही त्या दुःखी स्त्रीच्या तोंडाकडे पाहून 'हो' म्हटले नसते काय? राजाला आपल्या 'हो'चा भार ठाऊक होता. पुढे अंगठी सापडते तेव्हा केवळ स्मृती परत येते असे नव्हे, तर निकालाला लागणारा पुरावाही मिळतो.

कालिदासाचा राजा काल्पनिक म्हणून सोडून द्यावा, तर आमच्या मावळातच याहून मोठा खटला होऊन गेला आहे. लोणावळ्याच्या उत्तरेस डोंगरवाटेने चार-पाच कोसांवर राजमाचीचा दुर्ग आहे. खंडाळ्याच्या कड्यावरून पाऊस उघडला असता श्रीवर्धन आणि मनरंजन हे त्याचे दोन बालेकिल्ले दिसतात. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. रणांगणावर सापडलेल्या देहाची ओळख अंगावरील खुणांवरून पटविण्यात आली, असे शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने आपल्या वृत्तांतात लिहून ठेवले आहे. पुण्यास मात्र कित्येकांना ते खरे वाटले नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. १७८३ मध्ये देहावसान होईपर्यंत त्या सुवासिनी म्हणूनच राहिल्या. संशयाच्या या उघड्या दारातून सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून आत शिरला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत त्याला धरून किल्ल्यांवर कैदेत ठेवण्यात आले. परंतु १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्लेदारानेच त्याला मोकळे केले. कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याला मिळत गेले. हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली आली. बोरघाटातील अडथळा मोडून तो वर चढला आणि राजमाचीपाशी येऊन ठेपला. पुण्यातूनही त्याला गुप्तपणे अनुकूल निरोप जाऊ लागले होते. राजमाचीच्या किल्लेदाराने बोलाचाली लावून त्याला दहा दिवस झुलवत ठेवले, आणि तेवढ्यात पुण्याहून आलेल्या दोन सरदारांनी राजमाचीच्या रानात त्याच्यावर अचानक घाला घातला. तो कोकणात पळाला, रघुजी आंग्रे यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षी पुण्यास देहान्त शिक्षा पावला. नरसिंह चिंतामण केळकर यांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकामुळे ही कथा मराठी घरांत पोचली.

इतिहासकार या प्रकरणाकडे राजकारण म्हणून पाहतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यात ओळखण्याच्या क्रियेचा एक प्रचंड प्रयोग दिसतो. त्या हजारो लोकांपैकी भाऊंना समक्ष पाहिलेले किती असतील? ज्यांनी पाहिलेच नव्हते त्यांच्यापाशी स्मृती अशी नव्हतीच. त्यांच्यापाशी होता तो फक्त निकाल. ज्यांनी पाहिले होते त्यांच्या डोळ्यांपुढे तिशीचा भाऊ होता आणि समोर उभा होता तो पंधरा वर्षांनी थकलेला मनुष्य. कोणताही विसंगत अवयव वयावर किंवा कैदेतील हालांवर ढकलून देता येत होता. मग रेषा कोणी कोठे आखली? पेशव्यांच्या गादीवर दोन वर्षांचे मूल, रघुनाथरावांचा दावा जिवंत आणि बारभाईंचा कारभार कित्येकांना असह्य. अशा असंतुष्ट सरदाराला 'हो' स्वस्त होते. कारभाऱ्यांना तेच 'हो' राज्याच्या मोलाचे होते. आणि कोकणातील, मावळातील साध्या घरांचे काय? पानिपतावरून न परतलेला एखादा मुलगा, एखादा भाऊ ज्या घराला होता, तेथे 'भाऊसाहेब परत आले' हे वाक्य केवळ राजकीय वार्ता म्हणून ऐकले गेले असेल असे मला वाटत नाही. ते परत येऊ शकत असतील तर आपलाही येऊ शकेल. आशेने रेषा सैल होते. त्याला अज्ञान म्हणणे क्रूरपणाचे आहे. राजमाचीच्या किल्लेदाराने 'हो'ही म्हटले नाही आणि 'नाही'ही म्हटले नाही. त्याने दहा दिवस निकाल राखून ठेवला. इतकी सवड फार थोड्यांना मिळते.

अडीचशे वर्षांनी त्याच मुलुखात एक चिमुकला तोतया माझ्या आत्याच्या दारात उभा राहिला. ती आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. काही पावसाळ्यांपूर्वी एका दुपारी चाळिशीचा एक मनुष्य छत्री मिटवीत ओसरीवर आला आणि 'काकू, ओळखलंत ना?' म्हणून हसला. नाव त्याने सांगितले नाही. आत्यानेच चाचपडत 'तू त्या पलीकडच्या आळीतल्या जोश्यांचा का रे?' असे विचारले आणि त्याने ते नाव अलगद उचलले. पुढे चहा झाला, जोश्यांच्या आजारपणाची विचारपूस झाली, आणि गाडी बंद पडल्याच्या सबबीवर दोन हजार रुपये घेऊन तो गेला. दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवर सर्व नातलगांचे एकमत झाले की, आत्याची आठवण गेली, आता तिला एकटीला ठेवू नये, घर विकावे. एका चुकीच्या 'हो'मुळे एका स्त्रीचे घर जाऊ पाहत होते.

मी तिच्यापाशी बसलो तेव्हा तिने त्या मनुष्याचे जे वर्णन केले ते एखाद्या फौजदाराला हेवा वाटावा असे होते. छत्रीची एक काडी मोडलेली, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग, बोलताना 'म्हणजे' हा शब्द दोनदा उच्चारण्याची लकब. शेवटी ती म्हणाली, 'अरे, हा आपल्या ओळखीचा नाही असं मला वाटत होतंच. पण दारात आलेल्या माणसाला, तू कोण, म्हणून कसं विचारायचं? आणि ओळखलं नाही म्हटलं, तर तुम्हीच सगळे म्हणाल की म्हातारीला भ्रम झाला.' यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. तिच्या स्मृतीने साक्ष बरोबर दिली होती. न्यायाधीश दबावाखाली होता.

वृद्धांविषयी प्रयोगांतून जे दिसून आले आहे, त्याचा तिच्या बोलण्याशी फार जवळचा संबंध आहे. विशेषतः चेहऱ्यांच्या बाबतीत, एकदा दाखविलेला चेहरा पुन्हा ओळखण्यात वृद्ध माणसे तरुणांच्या फारशी मागे पडत नाहीत; मागे पडतात ती न दाखविलेला चेहरा 'नवा' म्हणून नाकारण्यात. याचे एक कारण ओळखण्याच्या घडणीतच आहे. जॉर्ज मँडलर या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये दाखवून दिले की, ओळख पटण्याच्या दोन वाटा आहेत. एक नुसती परिचयाची जाणीव, 'यांना कोठेतरी पाहिले आहे' अशी. आणि दुसरी, कोठे, केव्हा, कोणाबरोबर पाहिले त्याचे स्मरण. रोज दूध घालणारा गवळी आगगाडीत समोर बसला म्हणजे पहिली जागी होते आणि दुसरी सापडत नाही, हा अनुभव सर्वांचा आहे. वय वाढते तसे दुसऱ्या वाटेवर गवत उगवते. पहिली बरीच मोकळी राहते. त्यामुळे वृद्धाला बऱ्याच गोष्टी परिचित वाटतात आणि तो परिचय तपासून घेण्याचे साधन अपुरे पडते. हे शरीराचे झाले. त्यावर आपण समाजाचा भार ठेवतो. तरुणाने 'ओळखलं नाही' म्हटले तर तो घाईत आहे असे आपण समजतो. वृद्धाने म्हटले तर त्याची नोंद घेतो. मग त्याने 'हो' म्हणण्याची रेषा खाली आणली, तर त्यात नवल ते काय?

दुसऱ्या टोकाला मुले आहेत. मुलांची साक्ष भरवशाची नाही, असे आपण सरसकट म्हणतो. पण ते अर्धेच खरे आहे. जोआना पोझुलो आणि रॉडरिक लिंडसे या कॅनडातील संशोधकांनी १९९८ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून असे दाखविले की, खरा मनुष्य रांगेत उभा असेल तर पाच-सहा वर्षांपुढील मुले त्याला जवळजवळ प्रौढांइतकेच बिनचूक दाखवितात. खरा मनुष्य रांगेत नसेल, तेव्हा मात्र 'यांत तो नाही' असे म्हणणे त्यांना प्रौढांहून अधिक जड जाते आणि ती कोणाकडे तरी बोट दाखवितात. याचे कारण समजण्याजोगे आहे. मुलांच्या जगात मोठा माणूस प्रश्न विचारतो तेव्हा त्याला उत्तर असतेच. पाटीवरील गणिताला जसे असते तसे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जिच्या पायाला गोळी लागली होती, त्या देविका रोटावन हिने जून २००९ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयात कुबड्या घेऊन येऊन अजमल कसाबला ओळखले. तेव्हा ती अवघी दहा वर्षांच्या आतबाहेर होती. तिच्या बोटाला छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांनी टिपलेल्या छायाचित्रांची व इतर साक्षीदारांची जोड होती. मुलाच्या साक्षीचा मान कसा राखावा, याचे हे चांगले उदाहरण आहे: ती ऐकावी, आणि तिच्या शेजारी दुसरा पुरावा ठेवावा.

स्त्री-पुरुषांतील भेदाविषयी लिहिताना मी जपून लिहितो, कारण माझ्या वाचकांत दोन्ही पक्ष आहेत. चेहरे ओळखण्यात, आणि त्यातही स्त्रियांचे चेहरे ओळखण्यात, स्त्रिया थोड्या सरस ठरतात, असे स्वीडनमधील आग्नेटा हर्लित्स यांच्या संशोधनात आढळले आहे. हा भेद साक्षीचा. निकालातील भेद याहून विचार करण्याजोगा आहे. कॅथरिन बाल्डिगा या अमेरिकन विदुषीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जाणार असे ठरताच स्त्रियांनी पुरुषांपेक्षा अधिक प्रश्न कोरे सोडले, आणि तेही तेवढेच ज्ञान असता. अध्यापकाला हे वर्गात दिसते. अभियांत्रिकीला जाणाऱ्या आमच्या मुलांना एका वर्षात दोन परीक्षा द्याव्या लागतात. राज्याच्या सीईटीत चुकीला दंड नाही. अखिल भारतीय जेईईत बरोबर उत्तरास चार गुण आणि चुकीला एक गुण वजा. तोच विद्यार्थी, तेच डोके. पण पहिल्या परीक्षेत तो सर्व प्रश्नांची उत्तरे देऊन येतो आणि दुसरीत काही कोरे सोडून. एवढ्याशा नियमाने आठवणीचा निकाल बदलतो, तर जन्मभर 'तुला काय कळतं?' हे ऐकलेल्या मुलीची रेषा कोठे सरकली असेल, याचा हिशेब कोणत्या परीक्षकाने केला आहे?

शिक्षणाचा प्रश्न आम्हा शिकलेल्यांना विशेष झोंबणारा आहे. स्मरणाच्या कसोट्यांत शिकलेले लोक पुढे राहतात, हे वारंवार दिसते. पण कसोट्या कोणी रचल्या? अनोळखी गृहस्थाने समोर बसून, ज्याचे उत्तर त्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न विचारावा आणि आपण गंभीरपणे उत्तर द्यावे, हा खेळच मुळी शाळेत शिकावा लागतो. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत वृद्धांची बुद्धी तपासण्याची वेळ आली, तेव्हा मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी कसोटी तशीच लादली नाही; वाचा, लिहा अशा स्वरूपाचे प्रश्न बदलून निरक्षरांना न्याय देणारी हिंदी कसोटी त्यांनी तयार केली आणि ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. अक्षर न येणे आणि आठवण नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी कृतीने मान्य केले. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या स्मरणविषयक ग्रंथात दक्षिण आफ्रिकेकडील एका स्वाझी गुराख्याची हकीगत दिली आहे. वर्षापूर्वी विकत घेतलेल्या गुरांच्या खुणा आणि किमती त्याने एखाददुसरी किरकोळ चूक सोडल्यास घडाघडा सांगितल्या. मला त्यात आश्चर्य वाटले नाही. भुशीच्या वरच्या माळावर धुके इतके दाट उतरते की हातभर अंतरावरचा मनुष्य दिसत नाही, आणि त्या धुक्यात घंटेच्या आवाजावरून व खुराच्या चालीवरून आपली म्हैस ओळखणारा म्हातारा मी पाहिला आहे. त्याला बारा शब्दांची यादी वाचून दाखवा. तो नापास होईल. मला बारा म्हशी दाखवा. माझी तीच गत.

परक्यांचे चेहरे आपल्याला सारखे दिसतात, हाही याच प्रकरणाचा एक अध्याय आहे. अमेरिकेत मॅलपास आणि क्रॅविट्झ यांनी १९६९ मध्ये गोऱ्या व काळ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले, आणि २००१ पर्यंतच्या अशा सर्व प्रयोगांचा आढावा मायस्नर आणि ब्रिगम यांनी घेतला. दुसऱ्या वंशाचे चेहरे ओळखताना भेद कळण्याची शक्ती घटते, हे तर दिसलेच. परंतु त्याबरोबर 'होय, हाच' म्हणण्याची रेषाही सैल होते, असे आढळले. ज्याला आपण नीट पाहिलेलेच नाही, त्याच्याविषयी सावध होण्याऐवजी आपण अधिक उदार होतो, आणि ती उदारता त्याच्या गळ्याशी येते. आपल्याकडील भेद वंशाचे नसतील. पण पुण्याच्या पेठेत वाढलेल्या साक्षीदारासमोर घाटातील कातकरी तरुणांची रांग उभी केली, तर तो त्यांना किती वेगवेगळे पाहू शकेल, हे आपल्या मनालाच विचारावे.

कायद्याला ही अडचण काही अंशी ठाऊक आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे नववे कलम ओळखीला संबद्ध मानीत असे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असली, तरी ओळखपरेडची रीत चालूच आहे. संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसांत मिसळून उभे करावयाचे आणि साक्षीदाराला निवडावयास सांगावयाचे. ही परेड हा स्वतंत्र पुरावा नसून न्यायालयातील ओळखीला केवळ पुष्टी देणारी आहे, असे आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. परंतु साक्षीदाराला आत नेताना काय सांगितले जाते, यावर किती अवलंबून असते हे मॅलपास आणि डिव्हाइन यांनी १९८१ मध्ये दाखविले. 'गुन्हेगार या रांगेत असेल किंवा नसेलही' एवढे एक वाक्य आधी सांगितले, तर निरपराध्याकडे बोट जाण्याचे प्रमाण बरेच उतरते. एक वाक्य! त्याने कोणाची स्मृती सुधारत नाही. फक्त 'नाही' म्हणण्याची मुभा मिळते आणि साक्षीदाराच्या मनातील न्यायाधीशाला बसावयास धड खुर्ची मिळते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. वय, लिंग, शिक्षण यांविषयीचे हे सर्व निष्कर्ष सरासरीचे आहेत. सरासरी ही समूहाची असते आणि न्याय व्यक्तीला द्यावयाचा असतो. चौऱ्याऐंशीव्या वर्षी अचूक ओळखणारे आहेत आणि चोविसाव्या वर्षी शेजाऱ्याला न ओळखणारे आहेत. म्हणून 'म्हातारी आहे, तिचे काय ऐकता' असे म्हणण्यास हे शास्त्र कोणालाही अधिकार देत नाही. ते इतकेच सांगते की, समोरच्याचे 'हो' ऐकून त्याच्या स्मृतीची परीक्षा झाली असे मानू नये. त्या 'हो'साठी आपण त्याच्याकडून काय किंमत मागत होतो, हेही पाहावे. रेषा त्याच्या मनात असते, पण ती सरकविण्याचे काम पुष्कळदा विचारणाराच करीत असतो.

आपल्या पूर्वजांना हे कळले होते, असे म्हणण्याचा मोह मला होतो. वडीलधाऱ्यांना अभिवादन करताना गोत्र, प्रवर आणि आपले नाव उच्चारण्याची रीत होती. नमस्कार करणाऱ्याने आपली ओळख स्वतःच पुढे ठेवावयाची. म्हाताऱ्या डोळ्यांची परीक्षा घ्यावयाची नाही. मावळातील खेड्यांत आजही जुना मनुष्य ओसरीवर पाय ठेवण्यापूर्वी 'मी अमक्याचा अमका, अमक्या वाडीचा' असे सांगून मग बसतो. गोत्र-प्रवर आता राहू द्यावेत. पण नाव सांगण्यास काय हरकत आहे? शिकलेल्या घरांतून ही रीत गेली आणि तिच्या जागी 'ओळखा पाहू मी कोण?' हा खेळ आला.

आत्याचे घर विकले गेले नाही. तिच्या दाराशी मी एक नियम मात्र घालून दिला आहे. भाचे, पुतणे, नातवंडे, शेजारी, जो कोणी येईल त्याने उंबऱ्यापाशीच आपले नाव आणि आपल्या बापाचे नाव मोठ्याने सांगावे; आणि जो सांगणार नाही त्याला तिने निःसंकोच 'तू कोण?' म्हणावे, घरात कोणी तिला हसणार नाही. परवा माझा एक चुलतभाऊ बारा वर्षांनी आला आणि त्याने उंबऱ्यातूनच नाव सांगितले. आत्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग तिने त्याच्या मुंजीच्या दिवशी किती पाऊस होता, मांडव कोणत्या बाजूला कलला होता, त्याच्या आईने उसने नेलेले पितळेचे पातेले कोणत्या साली परत आले आणि त्याला कोठे पोचा पडला होता, हे सारे एकामागून एक सांगितले. चहा गार होईपर्यंत ती सांगत होती.